सोळा ओहम

नागपूरहून एसटीच्या मागच्या सीटवर आडवे पडून आले
माझे दोन स्पीकर.
उंच, सडपातळ, अंगावर काळी चकाकी.
घाटंजीच्या अलीकडच्या फाट्यावर उतरवताना
कंडक्टर म्हणाला, मॅडम, एवढा बारीक फ्रिज?

पोस्टातली नोकरी, आयोगाची थकबाकी.
कुणी त्यात गोठ घडवते,
मी हे घेतले.

अँप मात्र कवडूभाऊंचा.
टूरिंग टॉकीज मोडली तेव्हा
मालकाने पगाराऐवजी हातात ठेवलेला,
पत्र्याच्या पेटीत काचेच्या चार नळ्या,
ताकद बारा वॅट.
"थ्याही सणासुदीले," ते म्हणतात.

पहिल्या रात्री जोडले.
नळ्या तापायला वेळ घेतात,
तेवढ्यात तंबाखू मळून होते.
मग जाळीतून नारिंगी उजेड आला,
भिंतीवर चौकटी-चौकटींची सावली पडली,
आणि गाणे आले ते
उंबऱ्यातच उभे राहिले.

सारंगी होती, पण तोंडावर पदर धरून.
डग्गा
ओल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा.
आवाज वाढवला
तर अँपचाच घसा बसला.

कवडूभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवून
स्पीकरच्या पाठीवरचे बारीक अक्षर वाचले.
"आठ ओहम लिव्हेल हाय.
पण खर्जात गेला का तीनावर उतरते हा.
लय खाते आन् कमी बोलते.
याले शंभर वॅटचा मालक पाह्यजे, बाई.
आपल्या म्हाताऱ्यात थो दम नाई."

मी हप्त्यांचा विचार करत बसले.
ते सायकल घेऊन गेले
आणि तासाभराने कॅरिअरला बांधून आणला
टॉकीजच्या पडद्यामागचा स्पीकर.
बारा इंची, कागदी कोनाचा,
उंदरांनी कुरतडलेली कड
पतंगाच्या कागदाने, बाभळीच्या डिंकाने सांधलेली.
खोके शालिक सुताराने केलेले,
जिनिंगच्या मोडीतल्या सागवानी दाराचे;
एका अंगाला अजून "धूम्रपान" एवढेच वाचता येते,
"मनाई" कापली गेली.

"बंद कर आधी," ते ओरडले.
मी तार काढायला गेले होते.
"नळ्यांचा अँप कधी बिनास्पीकरचा चालवू नाई.
समोर कोणी नसलं
का सारा जोर आतल्या आतच फिरते,
आन् ट्रान्सफॉर्मर जळून बसते.
आजकालच्या अँपले चालते रिकामं.
याले नाई चालत."

मी काही बोलले नाही.
या गावी माझी बदली होऊन
तेव्हा चौदा महिने झाले होते.

त्यांनी तार आठच्या स्क्रूवरून सोडवली,
सोळाच्या स्क्रूला आवळली.
तेवढेच केले.

आवाज मोठा झाला असे नाही.
तो खोलीत येऊन बसला.
पेटीचा भाता उघडतो ती हवा आधी ऐकू आली,
सूर नंतर.
कुणीतरी मांडी बदलली,
कुणी पान उलटले.
भिंतीवरची पाल तेवढी ट्यूबलाइटच्या मागे गेली.
झांजेची वरची किनार मात्र नव्हती;
तिथे आवाज मांजरपाटाच्या कापडाआड विरून जायचा.
ती किनार नव्या दोघांकडे होती, आणि ते
कोपऱ्यात चादर पांघरून उभे होते.
"असू दे," कवडूभाऊ म्हणाले,
"पडद्यालेही भोकं होतेच."

तुरीच्या शेंगा वाळत आलेले दिवस,
अंगात स्वेटर,
साडेनऊला रोजच्यासारखी लाइन गेली.
पंखा, फ्रिज, समोरच्यांचा टीव्ही
एका झटक्यात गप्प.
गाणे नाही.
नळ्यांमध्ये साठलेल्या उन्हावर
ते आणखी दोन श्वास चालले,
तिसऱ्यात बारीक झाले, आणि
कुठे संपले ते कळले नाही.

अंधारात काच गार होताना टिक वाजते, पुन्हा टिक.
कवडूभाऊंनी दोन्ही तळवे अँपच्या जाळीवर धरले होते,
जाण्याची घाई नव्हती.
मीही माझे धरले.
तिकडे फोनच्या पडद्यावर
गाण्याची रेघ पुढे सरकत होती,
त्याला कुणी सांगितलेच नव्हते.